आक्षेपांची वंशावळ

९ फेब्रुवारी १९८६च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’चं परीक्षण छापून आलं. परीक्षण लिहिलं होतं मेरी मॅकार्थी यांनी. त्या तेव्हा ७३ वर्षांच्या होत्या, आणि ‘द ग्रुप’ या कादंबरीतून स्त्रियांच्या शरीराबद्दल आणि संसाराबद्दल त्यांनी १९६३मध्ये जे मोकळेपणाने लिहिलं, त्याने अमेरिकेत चांगलीच खळबळ उडाली होती. अशी लेखिका अ‍ॅटवुडच्या बाजूने उभी राहील असं कुणालाही वाटलं असतं. त्या राहिल्या नाहीत. भविष्यातली भयकथा वाचताना वाचकाला त्यात आपलंच आजचं जग ओळखू यावं आणि धस्स व्हावं, अशी त्यांची अपेक्षा होती. हे पुस्तक वाचून त्यांना तसं काही झालं नाही. कट्टर ख्रिस्ती गट त्यांनाही दिसत होते, पण त्यांच्यातून उद्या असं राज्य उभं राहील हे त्यांना पटेना. ऑर्वेलने ‘१९८४’मध्ये हुकूमशाहीची जशी वेगळी भाषा घडवली, तशी इथे घडलेली नाही, हीसुद्धा त्यांची तक्रार होती.

कथा आता बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकेचं गिलियड नावाचं धर्मराज्य झालेलं आहे, जननक्षमता घटली आहे, आणि ज्या थोड्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना सत्ताधाऱ्यांच्या घरी गर्भ वाहायला नेमलेलं आहे. त्यांना वाचायची बंदी आहे, स्वतःचं नाव वापरायची बंदी आहे. याच पुस्तकाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला, १९८६मध्ये ते बुकरच्या अंतिम यादीत गेलं, आणि १९८७मध्ये विज्ञानकथेचा पहिलावहिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कारही त्यालाच मिळाला. म्हणजे मतभेद पहिल्या दिवसापासून होते, आणि आजही ते तसेच आहेत. एक वाचक म्हणते, हे तर आजचंच आहे. दुसरी म्हणते, इतकं कुठे असतं का. तिसरा म्हणतो, पुरुषांना राक्षस ठरवण्याचा हा उद्योग आहे. आणि एखादी शांतपणे विचारते, यात नवीन काय? आमच्या आज्यापणज्यांनी हेच तर भोगलं.

स्त्रीवादी डिस्टोपियावरचे, म्हणजे अशा दुःस्वप्नी जगाच्या कथांवरचे, हे मतभेद मला साहित्यिक आवडीनिवडीचे वाटत नाहीत. त्यांना सव्वाशे वर्षांहून जुनी वंशावळ आहे. या प्रकारातलं जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं पुस्तक आधीच्या कुणाच्या तरी भीतीला किंवा आक्षेपाला उत्तर म्हणून जन्मलेलं आहे. त्यामुळे वाचक भांडतात तेव्हा ते त्या पुस्तकाच्या बाहेर जाऊन भांडत नसतात. पुस्तक ज्या भांडणातून निघालं, त्याच भांडणात ते सामील होत असतात.

या वंशावळीच्या मुळाशी एक घाबरलेला पुरुष आहे. १८८२मध्ये वॉल्टर बेझंट या इंग्रज कादंबरीकाराने ‘द रिव्होल्ट ऑफ मॅन’ लिहिली. तीत इंग्लंडवर बायकांचं राज्य आहे. संसद त्यांची, धर्मपीठ त्यांचं, मालमत्ता त्यांची. तरुण, देखण्या पुरुषांना म्हाताऱ्या, पैसेवाल्या सरदारणींशी मुकाट्याने लग्न करावं लागतं. शेवटी पुरुष बंड करतात, सत्ता परत घेतात, आणि बायकाही सुटलो एकदाच्या म्हणत घरात परततात. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू देणारा कायदा ब्रिटिश संसदेत त्याच वर्षी मंजूर झाला. बेझंटची भीती कुठून आली हे त्यावरून कळतं.

आता हीच कादंबरी मराठी वाचकाच्या डोळ्यांनी वाचून पाहा. कोवळ्या जिवाला पैशाच्या जोरावर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणं ही लंडनच्या वाचकाला भविष्यातली भयंकर कल्पना वाटली. आपल्याकडे मात्र ती ऐन वर्तमानातली रीत होती, फक्त बांधली जाणारी मुलगी असे. देवलांनी ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणलं ते १८९९मध्ये, आणि प्रेक्षकांना ते कल्पित म्हणून पाहावं लागलं नाही. पुरुषांवर ओढवलं तर जे दुःस्वप्न ठरतं, ते बायकांवर ओढवलं की चालीरीत ठरतं. स्त्रीवादी डिस्टोपिया पुढे ज्या एका युक्तीवर उभा राहिला ती ही आहे, आणि ती बेझंटने स्वतःच्या नकळत उघडी करून ठेवली.

त्याच १८८२मध्ये पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर राळ उडवली गेली, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर दिलं. ते कथात्म लेखन नाही, पण त्याची रीत तीच आहे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दोष उचलायचा आणि तो पुरुषांच्या पदरात टाकून पाहायचा. त्यावर वाचकांत फूट पडली हे सांगायला नकोच. टवाळी इतकी झाली की १८८५मध्ये जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. बेझंटने आणि ताराबाईंनी एकमेकांचं नावही ऐकलं नसणार. पण एकाच वर्षी दोघांनी तराजू उलटा करून पाहिला, एकाने भीतीपोटी आणि एकीने संतापापोटी.

ही उलटापालट जाणीवपूर्वक, हसत हसत केली रुकैया सखावत हुसैन यांनी. १९०५मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा आली. कथेतल्या देशात बायका विज्ञानाच्या बळावर राज्य करतात, सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी खेचतात, आणि पुरुष पडद्यात बसतात. जनान्याच्या जागी मर्दाना. नवरा दौऱ्यावर गेलेला असताना वेळ जावा म्हणून त्यांनी ती लिहिली. भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट असलेल्या नवऱ्याने परतल्यावर ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे असा शेरा मारला, अशी आठवण रुकैयांनी स्वतःच नोंदवली आहे. नवरा रागावला नव्हता. त्यानेच पुढाकार घेतला म्हणून ती कथा छापायला गेली. पण पहिल्या वाचकाच्या तोंडी पहिला शब्द आला तो सूड. रुकैयांच्या मनात सूड असता तर पडद्यातल्या पुरुषांचे हाल त्यांनी चवीने रंगवले असते. त्यांनी ते केलं नाही. त्यांच्या पुरुषांना मारहाण नाही, उपासमार नाही. त्यांना फक्त तेच आयुष्य दिलं आहे जे त्या काळच्या खानदानी घरातली प्रत्येक बाई जगत होती. तेवढंही सूड वाटावं, यातच सगळं आलं. पुढे १९३१मध्ये ‘अवरोधबासिनी’त त्यांनी पडद्यापायी बायकांच्या झालेल्या हालअपेष्टांचे खरे किस्से एकत्र केले. आधीचं स्वप्न आणि नंतरचे हे किस्से शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे कल्पिताला कच्चा माल कुठून मिळतो ते कळतं.

अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १९१५मध्ये ‘हरलँड’ लिहिली. फक्त बायकांचा, शहाणा, सुखी देश. ती त्यांच्या स्वतःच्याच मासिकात क्रमशः आली आणि विसरली गेली. पुस्तकरूपाने यायला १९७९ उजाडलं. त्या पुस्तकावर आज आक्षेप आहे तो वंशशुद्धीच्या कल्पनेचा: त्या सुखी देशात ‘अयोग्य’ बायकांनी मूल न जन्माला घालण्याचं ठरवलेलं असतं. हा आक्षेप रास्त आहे. एका बाईचा स्वर्ग दुसरीला तुरुंग वाटू शकतो, हा या प्रकाराचा जुना दुखरा भाग आहे.

शार्लट हॉल्डेन यांच्या १९२६च्या ‘मॅन्स वर्ल्ड’मध्ये तर तो भाग उघडाच आहे. गर्भाचं लिंग आधीच ठरवता येतं अशा विज्ञानशासित राज्यात बायकांचे दोन वर्ग आहेत: माता, आणि मातृत्व नाकारून वांझ केल्या गेलेल्या. हे चित्र लेखिकेला भयंकर वाटतं की आदर्श, यावर आजही अभ्यासकांचं एकमत नाही, कारण दुसऱ्याच वर्षी त्यांनी मातृत्वाचा गौरव करणारं आणि अविवाहित स्त्रियांवर कठोर असणारं एक पुस्तक लिहिलं. मला ती कादंबरी महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. गर्भातच मुलगा निवडता आला तर काय होईल, हा प्रश्न १९२६मध्ये एका बाईने विचारला होता. महाराष्ट्राला त्याचं उत्तर साठ वर्षांनी कायदा करून द्यावं लागलं.

या सगळ्या वंशावळीतलं मला सर्वांत थोर वाटणारं पुस्तक मात्र फार कमी जणांनी वाचलेलं आहे. १९३७मध्ये लंडनच्या गोलांझ प्रकाशनाने मरे कॉन्स्टंटाइन या नावाने ‘स्वस्तिका नाइट’ काढलं. युद्ध सुरू व्हायला दोन वर्षं होती, गॅस चेंबर्स अजून यायचे होते. कादंबरीत हिटलरच्या राज्याला सातशेहून अधिक वर्षं लोटली आहेत. हिटलर आता देव आहे, उंचपुरा, सोनेरी केसांचा, जो कुठल्या बाईच्या पोटी जन्मलाच नाही. पुस्तकं जाळून टाकलेली आहेत. आणि बायका? त्यांचं मुंडण केलेलं आहे, त्यांना कुंपणाआड गुरांसारखं कोंडलेलं आहे, मुलगा झाला की दीड वर्षात तो काढून घेतला जातो. त्या इतक्या खचलेल्या आहेत की आपण माणूस होतो हेही त्यांच्या आठवणीत नाही. मग अचानक राज्यकर्त्यांच्या लक्षात येतं की मुली जन्माला येणंच कमी होत चाललं आहे.

ऑर्वेलचं ‘१९८४’ येण्याच्या बारा वर्षं आधीचं हे पुस्तक. देव झालेला नेता, पुसून टाकलेला इतिहास, लपवून ठेवलेलं एकुलतं एक खरं पुस्तक, एक बंडखोर आणि त्याला सत्य सांगणारा वरिष्ठ, हे सगळं त्यात आहे. ऑर्वेलकडे नसलेली एक गोष्टही आहे. फॅसिझम वरून लादलेला नसतो, तो घरातल्या मर्दानगीच्या कल्पनेतून वर चढतो, हे या कादंबरीने सांगितलं. १९४०मध्ये ती लेफ्ट बुक क्लबच्या सदस्यांसाठी पुन्हा छापली गेली. त्यानंतर ती नाहीशी झाली. मरे कॉन्स्टंटाइन हे कॅथरिन बर्डेकिन या बाईंचं टोपणनाव होतं हे डाफ्नी पटाई या अभ्यासिकेने शोधून काढलं आणि १९८५मध्ये फेमिनिस्ट प्रेसने पुस्तक पुन्हा काढलं. बर्डेकिन १९६३मध्येच वारल्या होत्या. १९८५, म्हणजे ‘द हँडमेड्स टेल’ आली तेच वर्ष.

बर्डेकिन यांच्या कागदपत्रांत आणखी एक कादंबरी सापडली. १९३५च्या सुमारास लिहिलेली, १९८९मध्ये छापलेली. तीत राज्य बायकांचं आहे आणि पुरुषांना त्यांचा इतिहास कळू दिला जात नाही. एक आई आपल्या मुलाला तो चोरून सांगते. म्हणजे ज्या लेखिकेने पुरुषी सत्तेचं सर्वांत भयाण चित्र काढलं, तिनेच बायकांच्या सत्तेलाही सूट दिलेली नव्हती. या प्रकारावर पुरुषद्वेषाचा शिक्का मारणाऱ्यांनी ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचावीत अशी माझी मनापासून विनंती आहे.

सत्तरच्या दशकात या प्रवाहाला पूर आला आणि आक्षेपांनाही. जोआना रस यांनी ‘द फीमेल मॅन’ (१९७५) लिहिताना, टीकाकार या पुस्तकाला काय काय म्हणतील त्याची यादीच कादंबरीत घालून टाकली. कर्कश, एकांगी, कथानक नाही, बाईचं रडगाणं, अशा धर्तीचे शेरे. पुस्तक छापून आलं आणि शेरेही तशाच धर्तीचे आले. जेम्स टिपट्री ज्युनियर यांचं लेखन अस्सल पुरुषी आहे असं एका नामवंत विज्ञानकथाकाराने १९७५मध्ये प्रस्तावना लिहून सांगितलं, आणि दोन वर्षांत कळलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाच्या साठीच्या बाई आहेत. याच शेल्डन यांची १९७७ची ‘द स्क्रूफ्लाय सोल्यूशन’ ही कथा मी कुणालाही रात्री वाचायला देणार नाही. पुरुषांच्या मनात वासनेची जागा हळूहळू हत्येने घेतली जाते, साथीसारखी, आणि प्रत्येक गावाला तिच्यासाठी एखादा धार्मिक खुलासा सापडत जातो. कीड मारायला कीटकशास्त्रज्ञ कीटकांच्या प्रजननात गडबड करतात, ती रीत इथे माणसांवर वापरलेली आहे. सगळ्यांत भीतीदायक आहे ते लोकांचं त्या हत्यांना सरावत जाणं.

एवढा सगळा वारसा अ‍ॅटवुडच्या मागे होता. १९८४च्या वसंतात त्या पश्चिम बर्लिनमध्ये राहत होत्या. भाड्याने आणलेल्या टंकलेखन यंत्रावर, जर्मन कळांच्या, त्यांनी लिहायला सुरुवात केली. बर्लिनच्या भिंतीपलीकडे माणसं कशी जपून बोलतात हे त्यांनी तिथे जाऊन पाहिलं होतं. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला: जे माणसाने इतिहासात कुठेतरी, कधीतरी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. रोमानियात चाउशेस्कूने १९६६मध्ये गर्भपातावर बंदी घातली होती आणि पुढे कामाच्या ठिकाणी बायकांच्या तपासण्या होऊ लागल्या. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने कैदेत जन्मलेली बाळं आयांपासून तोडून सत्तेच्या मर्जीतल्या कुटुंबांना दिली होती, आणि त्या बाळांच्या आज्या १९७७पासून ब्युनॉस आयर्सच्या चौकात उभ्या राहून त्यांचा हिशेब मागत होत्या. म्हणजे गिलियडमध्ये कल्पित असं जवळजवळ काहीच नाही, फक्त तुकड्यांची जुळणी नवी आहे. मॅकार्थींचा आक्षेप होता, हे घडेल असं वाटत नाही. अ‍ॅटवुडचं उत्तर होतं, हे घडून गेलं आहे.

आणि याच उत्तरातून पुढचा, अधिक खोल आक्षेप जन्मला. घडून गेलं, ते कुणावर?

गिलियडच्या बायकांना वाचायला मनाई आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. गिलियडमध्ये बाईला मालकाच्या नावाने ओळखलं जातं, तिच्या पोटचं मूल तिचं नसतं, तिच्यावरचा बलात्कार हा मालकाचा हक्क असतो. कृष्णवर्णीय गुलाम स्त्रियांसाठी हा दोनशे वर्षांचा दिनक्रम होता. हॅरिएट जेकब्ज ही बाई मालकाच्या हाती लागू नये म्हणून आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं दडून राहिली आणि १८६१मध्ये तिने ते लिहून ठेवलं. अ‍ॅटवुडच्या कादंबरीत मात्र काळ्या लोकांना एका वाक्यात नॉर्थ डकोटाकडे हलवून कथेबाहेर काढलं जातं. त्यांचे भोग गोऱ्या नायिकेच्या अंगावर चढवले गेले आणि ते भोगलेली माणसं मात्र कथेत उरली नाहीत, असं अनेक कृष्णवर्णीय वाचकांचं म्हणणं आहे. मला तो आक्षेप या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार वाटतो. पुस्तक मोठं आहे म्हणून तो हलका होत नाही.

त्याचं एक उत्तर खरं तर सहा वर्षं आधीच लिहून झालेलं होतं. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’मध्ये (१९७९) कॅलिफोर्नियातली डॅना ही काळी तरुणी पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिथला गोरा मालक तिचा पूर्वज आहे. त्याची मुलगी, जिच्यापासून तिचं घराणं पुढे चाललं, ती जन्माला येईपर्यंत त्याला जिवंत ठेवणं तिला भाग आहे, आणि ती मुलगी कशी जन्माला येणार हे तिला ठाऊक आहे. ही कादंबरी डिस्टोपियाच्या यादीत सहसा येत नाही, कारण ती भविष्यात घडत नाही. ज्यांचं दुःस्वप्न मागे होऊन गेलं त्यांनी ते पुढे कशाला ढकलायचं? ‘हे होऊ शकेल का’ हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या घरात ते अजून झालेलं नसतं.

२०१७च्या एप्रिलमध्ये ‘द हँडमेड्स टेल’वरची मालिका आली आणि हा वाद घरोघरी पोचला. मालिकेने नायिकेचा नवरा आणि मैत्रीण कृष्णवर्णीय दाखवले, म्हणजे आक्षेप ऐकला. पण गिलियडला जणू वर्ण दिसतच नाही असं गृहीत धरून चालली, म्हणजे अर्धवट ऐकला. २०१८मधल्या दुसऱ्या पर्वापासून छळाची दृश्यं इतकी वाढली की अनेक बायकांनी ती पाहणं सोडलं. अत्याचार दाखवून निषेध होतो की अत्याचाराचीच करमणूक होते, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्याला मालिकेकडे चांगलं उत्तर नव्हतं. छापील पानावर वाचक स्वतः थांबू शकतो, मान वळवू शकतो. कादंबरीतली नायिका तर कितीतरी गोष्टी सांगायचं टाळते. कॅमेरा टाळत नाही.

त्याच सुमारास पुस्तकातला लाल झगा आणि पांढरी टोपी रस्त्यावर आली. मार्च २०१७मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात बायका ती घालून बसल्या. २०१८मध्ये ब्युनॉस आयर्सच्या रस्त्यांवरून लाल रांगा चालल्या. तिथलं गर्भपाताला परवानगी देणारं विधेयक त्या ऑगस्टमध्ये सिनेटने फेटाळलं आणि डिसेंबर २०२०मध्ये मंजूर केलं. ज्या देशातल्या चोरलेल्या बाळांवरून गिलियडचा एक धागा घेतला होता, त्याच देशात कादंबरी परत आली आणि कामाला लागली. अमेरिकेत मात्र काही स्त्रीसंघटनांनीच मोर्चाला येणाऱ्यांना हा झगा घालू नका म्हणून विनवलं. कारण पुन्हा तेच: ज्यांच्या घराण्यात हे घडून गेलंय त्यांच्यासमोर ते वेशभूषा म्हणून मिरवू नका. जून २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. मॅकार्थी १९८९मध्ये वारल्या होत्या. हा दिवस पाहून त्यांनी मत बदललं असतं का, याचा मी बराच विचार केला आहे. कदाचित नसतंही. भाषेबद्दलची त्यांची तक्रार तशीच राहिली असती, आणि ती अगदी चुकीची नाही.

२०१९मध्ये ‘द टेस्टामेंट्स’ हा उत्तरभाग आला. गिलियड कसं कोसळलं ते त्यात कळतं. काही वाचकांना सुटल्यासारखं वाटलं, काहींना फसवल्यासारखं, कारण पहिल्या पुस्तकाचा सगळा जीव त्याच्या अनिश्चित शेवटात होता. मी दुसऱ्या गटातली. त्या वर्षीचं बुकर नियम मोडून दोघींना विभागून दिलं गेलं, अ‍ॅटवुड आणि बर्नार्डिन एव्हरिस्टो यांना. एव्हरिस्टो या बुकर मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि पहिल्याच वेळी त्यांना ते वाटून घ्यावं लागलं. १९८५च्या पुस्तकावरचा आक्षेप चौतीस वर्षांनी पुरस्काराच्या व्यासपीठावर येऊन उभा राहिला.

दुसरी एक शाखा थेट बेझंटकडे परत जाते. नेओमी अ‍ॅल्डरमन यांच्या ‘द पॉवर’मध्ये (२०१६) किशोरवयीन मुलींच्या अंगात वीज खेळू लागते. त्या स्पर्शाने जाळू शकतात, मारू शकतात. आधी रस्त्यावरून निर्धास्त चालण्याचा आनंद, मग हिशेब चुकते करणं, मग सैन्य, मग धर्म, आणि शेवटी पुरुषांवर तेच सगळं. २०१७चं बेलीज पारितोषिक तिला मिळालं. अ‍ॅल्डरमन अ‍ॅटवुडच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या, आणि कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली. तरी स्त्रीवादी वाचकांतच दोन तट पडले. बायकांच्या हाती सत्ता आली तर त्या असंच वागतील, हे तर आमच्या विरोधकांचं म्हणणं, असं एका बाजूचं मत. अ‍ॅल्डरमन यांचा खुलासा असा, की कादंबरीत पुरुषांवर जे जे ओढवतं ते आजच्या जगात कुठे ना कुठे बायकांवर ओढवतंच. मी त्यांच्या बाजूने आहे. पुरुषांवरच्या अत्याचाराची पानं वाचताना पोटात खड्डा पडतो, आणि मग ध्यानात येतं की त्याच मजकुराची, बाईच्या नावाची बातमी आपण सकाळी चहाबरोबर वाचून पान उलटलं होतं. रुकैयांच्या नवऱ्याला जे सूड वाटलं ते हेच.

आपल्याकडे आलं की ‘हे होऊ शकेल का’ हा प्रश्न फार काळ टिकत नाही. मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘एस्केप’मध्ये (२००८) एका देशातून बायका समूळ संपवलेल्या आहेत. तीन काका मिळून एक मुलगी लपवून वाढवतात, तिचं वयात येणं औषधांनी रोखतात, आणि शेवटी धाकटा काका तिला पुरुषाच्या वेशात देशाबाहेर काढायला निघतो. स्त्रीवादी कादंबरीत मुलगी सगळा वेळ पुरुषाच्याच आधाराने का चालते, अशी वाचकांची तक्रार झाली. मला वाटतं, जिने दुसरी बाई पाहिलेलीच नाही तिला बाईपण कोण शिकवणार, हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे. आणि पार्श्वभूमी कल्पनेतली नव्हती. गर्भलिंगनिदानावर बंधन आणणारा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८मध्ये, मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी रान उठवल्यावर. तरी २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. त्याच बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं उघड झालं आणि २०१९मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून तिशीतल्या बायकांनी पिशवीच काढून टाकलेली. हे एखाद्या कादंबरीत आलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून खाली ठेवणारे वाचक मला माहीत आहेत.

प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’त (२०१७) शहर भिंतींनी तोडलेलं आहे, प्रत्येक समाजाची वेगळी वस्ती, आणि जातधर्माबाहेर लग्न केलेल्या शालिनीची मुलगी हिरावली गेली आहे. २०१९मध्ये त्यावर मालिका आली तेव्हा हिंदूंची बदनामी म्हणून गदारोळ झाला. त्या गोंधळात एक बारीक पण खरा आक्षेप ऐकू आला नाही: भिंत आपल्या दाराशी आल्यावरच शालिनीला ती दिसली. घरकाम करणाऱ्या बाईसाठी ती आधीपासून होती. कादंबरीला हे ठाऊक आहे, तिने ते सांगितलंही आहे, पण कथा शालिनीच्याच डोळ्यांनी जाते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकवायची तर जातीबाहेरचा बेटीव्यवहार बंद ठेवायला हवा, आणि त्यासाठी स्त्रीच्या देहावर पहारा हवा, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्याची साधनं, असं त्यांनी मांडलं. गिलियडचं यंत्र कसं चालतं हे अ‍ॅटवुडच्या सत्तर वर्षं आधी, इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी उलगडलं असेल. त्यामुळे मराठीत या प्रकाराबद्दल बोलताना माझ्या मनात पुढचा आक्षेप तयार आहे. ऊसतोडीच्या फडावरून, मोलकरणीच्या पायरीवरून, जातीच्या पहाऱ्यात सगळ्यांत खाली उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून ही कथा सांगायला हवी. आजवर प्रत्येक आक्षेपाला कुणी ना कुणी कादंबरीनेच उत्तर दिलं आहे. याचंही येईल, आणि त्यावर वाचक पुन्हा भांडतील.